कडुनिंबाच्या सावलीचा हिशेब

उन्हाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास बारामतीच्या रस्त्यांवरून एक चक्कर मारली, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. माणसे रस्त्यावर विखुरलेली नसतात. ती झाडांखाली गोळा झालेली असतात. फळांची हातगाडी, चपला शिवणाऱ्याची पेटी, उभ्या केलेल्या रिक्षा, एस. टी.ची वाट पाहणारी मंडळी, इतकेच काय, भटकी कुत्रीसुद्धा! इंदापुरात गेलात तरी हेच चित्र दिसेल. सावलीत बसावे हे यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

इंदापूरहून रोज एस. टी.ने कॉलेजात येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने अशाच एका दुपारी मला विचारले, "सर, काल बातम्यांत तापमान ४१ अंश सांगितले. ते उन्हातले की सावलीतले?"

"सावलीतले," मी म्हणालो.

"मग सावलीतही ४१ अंशच असतील, तर लिंबाखाली उभे राहिल्यावर एवढे बरे का वाटते?"

प्रश्न साधा वाटला तरी तो साधा नाही. त्याचा माग काढत गेले, की आपण थेट आपल्या गावाच्या नियोजनापर्यंत पोचतो. शहरात हिरवी जागा कशासाठी हवी? ती झाडांची हवी की हिरवळीची? आणि ज्या गावात पाणी मोजून मिळते, तेथे झाडांना पाणी देणे परवडते का? आज आपण हा हिशेब पदार्थविज्ञानाच्या मदतीने मांडून पाहू.

पारा कोणाचे तापमान सांगतो?

वेधशाळेतील तापमापक उघड्यावर टांगलेला नसतो. तो पांढऱ्या रंगाच्या, चारी बाजूंना झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवतात. या पेटीला 'स्टीव्हन्सनची पेटी' म्हणतात. ती तयार करणारे टॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे इंजिनिअर होते, आणि प्रसिद्ध इंग्रजी लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव! पेटीच्या झडपांतून वारा आत खेळतो, पण ऊन आत येत नाही. त्यामुळे आतला पारा फक्त हवेचे तापमान सांगतो.

तोच तापमापक उन्हात धरला तर? तो हवेचे तापमान सांगणार नाही. ऊन त्याच्या फुग्यावर पडेल, फुगा हवेपेक्षा जास्त तापेल आणि पारा वर चढेल. म्हणजे उन्हातला तापमापक स्वतः किती तापला आहे तेच सांगतो. म्हणून 'उन्हातले तापमान' या शब्दांना शास्त्रात नेमका अर्थ नाही.

आता एकाकी उभ्या असलेल्या लिंबाखालची हवा आणि शेजारच्या उघड्या रस्त्यावरची हवा यांची तुलना करा. वारा ही हवा सारखी मिसळत असतो. त्यामुळे दोन्हीकडच्या हवेच्या तापमानात बहुधा एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक सापडतो. मग उकाड्यात एवढा फरक कसा? उत्तर हवेत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आले असेल.

उन्हाचे ओझे

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन वाटांनी प्रवास करते, हे तुम्ही शिकला आहात. पहिल्या दोन वाटांना काहीतरी पदार्थ लागतो. प्रारणाला मात्र कोणतेही माध्यम लागत नाही. सूर्याची उष्णता प्रारणानेच पोकळीतून आपल्यापर्यंत येते. पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर सूर्याकडे तोंड केलेल्या दर चौरस मीटरवर सुमारे १,३६१ वॅट एवढे प्रारण पडते. वातावरणातून येताना त्यातले काही परत फिरते, काही शोषले जाते. तरीही मे महिन्यातील निरभ्र दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला ८०० ते ९०० वॅट पोचतात.

समजा, दुपारी तीन वाजता तुम्ही उन्हात उभे आहात. तुमच्या शरीराचा सुमारे अर्धा चौरस मीटर भाग सूर्यासमोर आहे. त्यावर ४०० वॅट पडले. कपडे आणि कातडी मिळून त्यातले ७० टक्के शोषून घेतात असे धरू. म्हणजे २८० वॅट उष्णता तुमच्या अंगात शिरते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात अन्नाच्या ज्वलनाने सुमारे १०० वॅट उष्णता तयार होत असते. तेव्हा नुसते उन्हात उभे राहणे म्हणजे जवळजवळ तीन माणसांच्या शरीरांत तयार होणारी उष्णता आपल्या एकट्याच्या अंगावर वागवणे होय!

ही उष्णता बाहेर टाकायची कशी? कातडीचे तापमान सुमारे ३५ अंश असते. भोवतालची हवा ४१ अंशांची असेल, तर हवेकडून आपल्यालाच उष्णता मिळते. शरीराकडे एकच मार्ग उरतो, तो घामाचा. अंगावरील एक किलोग्रॅम घामाचे बाष्प होताना सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता घेतली जाते. २८० वॅट म्हणजे तासाला सुमारे १,००८ किलोज्यूल. भागाकार केला तर उत्तर येते ०.४१ किलोग्रॅम. याचा अर्थ, केवळ उन्हाचे ओझे उतरवण्यासाठी तासाला चारशे मिलिलिटरहून थोडा जास्त घाम सुकावा लागतो. सावलीत आलात की हा खर्च जवळपास वाचतो. शेतात, रस्त्याच्या कामावर किंवा हातगाडीवर सबंध दिवस काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब कौतुकाचा राहत नाही, जिवाचा होतो. घामाने गेलेले पाणी आणि क्षार भरून निघाले नाहीत आणि शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले, तर उष्माघाताने मृत्यूही येऊ शकतो.

ऊन फक्त वरून येत नाही. खालचा रस्ताही प्रारण बाहेर टाकतो. दुपारचा डांबरी रस्ता सहज ६० अंशांपर्यंत तापतो. पदार्थाचे प्रारण त्याच्या केवल तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, असा स्टेफान आणि बोल्ट्झमन यांचा नियम आहे. ६० अंश सेल्सियस म्हणजे ३३३ केल्व्हिन. नियमात ही संख्या घातली तर दर चौरस मीटरला सुमारे ७०० वॅट प्रारण मिळते. झाडाखालच्या सावलीतील माती ४० अंशांची धरली, तर तेच उत्तर सुमारे ५४५ वॅट येते. फरक दीडशे वॅटचा! हे प्रारण अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना आणि चेहऱ्याला त्याची झळ लागते. 'झळ' या शब्दात आपल्या पूर्वजांनी प्रारणाचा अनुभवच साठवून ठेवला आहे.

संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर या वाटेने पंढरपूरला जाते. पावसाने ओढ दिली, तर आषाढ जवळ आला तरी या भागात ऊन मी म्हणत असते. अशा वर्षी वारकऱ्यांना वाटेवरच्या मोठ्या झाडाची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. पूर्वी रस्त्याच्या दोन्ही अंगांना वड, पिंपळ, चिंच, लिंब लावण्याची रीत होती, ती याच हिशेबाने. रस्ते रुंद होतात तेव्हा पहिली कुऱ्हाड या झाडांवर पडते. रुंद रस्ता हवाच. पण सावलीसुद्धा रस्त्याचाच एक भाग आहे, हे विसरून चालणार नाही.

पत्रा तापतो, पान का तापत नाही?

येथे कोणी म्हणेल, सावलीच हवी तर पत्र्याची शेड उभारावी, झाड कशाला? पत्र्याखाली दुपारी बसलेल्या माणसाला याचे उत्तर ठाऊक आहे. पत्रा ऊन अडवतो, पण स्वतः ६० अंशांपर्यंत तापतो आणि मग डोक्यावरून आपल्यावर प्रारण टाकू लागतो. झाडाचे पान मात्र त्याच उन्हात हवेच्या तापमानाच्या आसपासच राहते.

याची कारणे दोन. एक तर पान लहान आणि पातळ असते. वाऱ्याची झुळूक त्याच्या दोन्ही अंगांवरून फिरते आणि उष्णता उचलून नेते. लिंबाची किंवा चिंचेची बारीक पाने या कामात विशेष तरबेज असतात. दुसरे कारण म्हणजे बाष्पोच्छ्वास. पानांच्या खालच्या अंगाला असंख्य सूक्ष्म पर्णरंध्रे असतात. मुळांनी शोषलेले पाणी त्यांतून बाष्परूपाने बाहेर पडते आणि जाताना अप्रकट उष्णता घेऊन जाते. थोडक्यात, झाडालाही घाम येतो!

समजा, एका मोठ्या झाडाने दिवसात ५० लिटर पाणी असे बाहेर टाकले. ५० ला २,४३० ने गुणले तर १,२१,५०० किलोज्यूल होतात. विजेच्या भाषेत हे सुमारे ३४ युनिट. उन्हाच्या दहा तासांत ही उष्णता उचलली गेली, तर झाड साडेतीन किलोवॅटच्या आसपास काम करते आहे असे म्हणावे लागेल. खोली गार करणारे वातानुकूलन यंत्रही एवढ्याच तोडीचे काम करते, पण एक मोठा भेद आहे. यंत्र खोलीतली उष्णता रस्त्यावर फेकते आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळते. खोली गार होते, गल्ली तापते. झाड कोणाच्याही दारात उष्णता टाकत नाही.

मात्र येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. उघड्यावर एकट्या झाडाने गार केलेली हवा वारा लगेच दूर नेतो. म्हणूनच एका झाडाखाली हवेत एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक दिसतो. पाच-पन्नास झाडे एकत्र असतील, तर हा गारवा जास्त टिकतो.

पाण्याचा हिशेब

आता खरा अवघड प्रश्न. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येथे वर्षाकाठी सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही काही वर्षी दगा देतो. उलट, उघड्या भांड्यातून वर्षभरात जेवढे पाणी उडू शकते ते पावसाच्या सुमारे तिप्पट भरते. दोन्ही तालुक्यांतून नीरा डावा कालवा वाहतो. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो सुरू झाला, आणि त्याच्या पाण्यावर येथील ऊस उभा राहिला. पण कालव्याचे आवर्तन लांबले की शेताचा आणि नळाचाही जीव कासावीस होतो. अशा ठिकाणी 'गाव हिरवे करा' एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या हिरवळीला किती पाणी लागते, हे विचारलेच पाहिजे.

प्रथम बागेतली हिरवळ घेऊ. उन्हाळ्यात तिच्यातून दिवसाला सुमारे ६ मिलिमीटर पाणी उडते असे धरू. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. तेव्हा १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशा हिरवळीला रोज ६०० लिटर लागतील. मार्च ते मे या तीन महिन्यांत सुमारे ५५,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ साडेपाच टँकर! या पाण्याच्या मोबदल्यात गवताचा पृष्ठभाग गार राहतो, खालून झळ येत नाही. पण दुपारी त्या हिरवळीवर उभे राहा. सूर्याचे २८० वॅट तुमच्या अंगावर जसेच्या तसे पडतात. मोठे ओझे हलकेच होत नाही.

आता १० मीटर व्यासाचा पर्णसंभार असलेला लिंब घ्या. सूर्य डोक्यावर असताना त्याची सावली सुमारे ७८ चौरस मीटर भरते. त्यालाही पाणी लागते, पण त्याची मुळे मुरमाच्या भेगांतून खोल उतरतात आणि पावसाळ्यात मुरलेले पाणी शोधून काढतात. रोज पाइप धरावा लागत नाही. पाणी फारच कमी पडले, तर झाड दुपारच्या वेळी आपली पर्णरंध्रे मिटून घेते. बाष्पोच्छ्वास थंडावतो आणि पाने थोडी तापतात. पण पाने जागेवर असतात, ऊन अडवण्याचे काम चालूच राहते.

या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. हिरवळीचा गारवा सर्वस्वी पाण्यावर चालतो. झाडाचा गारवा आधी सावलीवर चालतो आणि नंतर पाण्यावर. म्हणून पाणी तुटपुंजे असलेल्या गावात एक बादली पाण्यातून सर्वांत जास्त आराम मिळवायचा असेल, तर ती बादली रोपट्याच्या आळ्यात ओतावी. पहिली दोन-तीन वर्षे ती लागते. पुढची पन्नास वर्षे योग्य जातीचे झाड आपले पाणी आपणच पाहते.

योग्य जातीचे झाड कोणते?

सावली वर्षभर लागत नाही. ती मार्च ते जून लागते. म्हणून झाड निवडताना त्याचे पंचांग पाहावे! गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो एप्रिल-मे महिन्यांत लालभडक फुलतो, सुंदर दिसतो, पण नेमका त्याच वेळी त्याच्यावर पाने विरळ असतात. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गाळतो आणि कडक ऊन सुरू होईपर्यंत नव्या पालवीने भरून जातो. करंजही एप्रिलमध्ये दाट पालवतो. चिंच जवळजवळ सदा हिरवी असते. वड आणि पिंपळ यांना जागा भरपूर लागते, पण मोठ्या चौकात किंवा मैदानाच्या कडेला त्यांच्यासारखी सावली दुसरी नाही.

झाड लावणे सोपे, त्याला जगू देणे अवघड. या भागात पुष्कळ ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम आणि काळा खडक लागतो. त्यामुळे खड्डा मोठा घेऊन तो चांगल्या मातीने भरावा लागतो. कालव्याकाठची झाडे पाझरावर जगत असतील आणि कालव्याला अस्तर करून पाझर थांबला, तर त्यांच्यासाठी दुसरी सोय पाहावी लागते. आणि बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा फरशी भिडवली, की पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोचत नाही आणि मुळांना हवाही मिळत नाही.

माझ्या माहितीतील एका शाळेच्या आवारात दोन जुने लिंब होते. आवार स्वच्छ दिसावे म्हणून ते काढून सर्वत्र सिमेंटच्या विटा बसवल्या गेल्या. आवार खरोखरच स्वच्छ दिसू लागले. पण मार्चपासून मुलांची कवायत सकाळी आठच्या आत उरकावी लागते आणि मधल्या सुट्टीत मुले व्हरांड्यात दाटीवाटीने डबा खातात. दोन झाडांबरोबर एक मैदान गेले, हे ती कापताना कोणाच्याच लक्षात आले नव्हते. मी स्वतः ते काम पाहत होतो आणि मलाही हा हिशेब तेव्हा सुचला नाही, हे कबूल करायला हवे.

रात्रीचे गणित वेगळे

लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहरातील आणि भोवतालच्या खेड्यांतील तापमानांच्या नोंदींची तुलना केली. रात्री शहर खेड्यांपेक्षा सरासरी सुमारे २ अंशांनी उबदार असल्याचे त्यांना आढळले. दिवसभर भिंती, गच्च्या आणि रस्ते उष्णता साठवतात आणि रात्री ती हळूहळू सोडतात. दाट वस्तीत ती आकाशाकडे निसटून जाऊ शकत नाही. एका भिंतीतून निघालेले प्रारण समोरच्या भिंतीवर पडते. अशा भागाला आज 'उष्णतेचे बेट' म्हणतात.

रात्री जमीन लवकर निवते ती मोकळ्या आकाशाखाली. या विषयावर आपल्या पुण्यातही मोलाचे काम झाले आहे. १९३२ मध्ये तेथे हवामान खात्याचा कृषि-हवामान विभाग सुरू झाला. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे शिष्य डॉ. एल. ए. रामदास हे त्याचे प्रमुख होते. शांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा अगदी जमिनीला चिकटून नसते, तर तिच्या थोडी वर असते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. प्रथम कोणाचा यावर विश्वास बसेना. आज त्या थराला 'रामदास थर' म्हणतात. जमीन आणि तिच्यालगतची हवा दोन्ही आकाशाकडे प्रारण टाकून कशा निवतात, हे त्यातून समजू लागले.

आपल्यासाठी याचा अर्थ असा, की झाडांचे छत दिवसा ऊन अडवते, तसे रात्री जमिनीतून निघणाऱ्या प्रारणालाही काही प्रमाणात अडवते. म्हणून शहराला झाडे हवीत आणि मोकळी मैदानेही हवीत. मैदानाच्या कडेने झाडे आणि मध्ये उघडी माती किंवा पावसावर वाढणारे साधे गवत, ही रचना दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा उपयोगी पडते. पावसाचे पाणीही तेथे मुरते.

याच कारणाने हिरवी जागा म्हणजे झाडांचीच जागा, असे समजू नये. बारामती तालुक्यात सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळ गवताचे आहेत. तेथे चिंकारा हरिणे राहतात. उन्हाळ्यात हे माळ वाळलेले, पिवळे दिसतात म्हणून ते ओसाड ठरत नाहीत. तेथे दाट झाडी लावणे हे उपकार नसून अपकार ठरतील. झाड शहरातल्या रस्त्यावर लावा. माळाला माळ राहू द्या.

गारव्यापलीकडे

हिरव्या जागेचा उपयोग केवळ उष्णतेपुरता आहे का? रॉजर उलरिख यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा पण गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, उरलेल्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. वय, आजारपण इत्यादी बाबतींत सारखे असलेल्या रुग्णांच्या २३ जोड्या लावून त्यांनी तुलना केली. झाडे दिसणारे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, तर भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. पहिल्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली.

रुग्णांची संख्या लहान होती, हे खरे. तरी 'झाडांकडे पाहून बरे वाटते' या आपल्या नेहमीच्या बोलण्याची परीक्षा कशी घ्यावी, याचा हा सुंदर नमुना आहे. जोड्या का लावल्या असतील, याचा वर्गात जरूर विचार करा.

आता तुम्हीच मोजा

माझे आकडे तुम्ही तसेच मान्य करू नयेत. मी शरीराचा अर्धा चौरस मीटर धरला, हिरवळीचे ६ मिलिमीटर धरले. अशी गृहीते तपासायची असतात. पुढील प्रयोग शाळेत सहज करता येईल.

एकाच मापाचे पत्र्याचे चार लहान डबे घ्या. त्यांना बाहेरून फळ्याचा काळा रंग द्या. प्रत्येकाच्या झाकणाला भोक पाडून बुचातून तापमापक असा बसवा, की त्याचा फुगा डब्याच्या मध्यभागी येईल. एक डबा डांबरी रस्त्याच्या कडेला उन्हात, दुसरा लिंबाखाली, तिसरा पत्र्याच्या शेडखाली आणि चौथा हिरवळीवर उन्हात, असे छातीच्या उंचीवर टांगा. वीस मिनिटांनी वाचन घ्या. प्रत्येक ठिकाणी दुसरा एक साधा तापमापक सावलीत धरून हवेचे तापमानही नोंदवा. काळा डबा तुमच्या शरीराप्रमाणे प्रारण शोषतो. साधा तापमापक फक्त हवेचे सांगतो. दोन्हींतला फरक म्हणजे त्या जागेवरचे उन्हाचे ओझे. प्रयोग करताना डोक्यावर टोपी घाला, पाणी जवळ ठेवा आणि एकट्याने करू नका.

शिक्षकांना आणखी एक सुचवावेसे वाटते. शाळेपासून बसस्थानकापर्यंतच्या रस्त्याचा 'सावलीचा नकाशा' मुलांकडून करून घ्यावा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता पावले मोजत चालायचे आणि किती पावले सावलीत पडली ते लिहायचे. नकाशावर उघडे राहिलेले तुकडे म्हणजे झाडे लावण्याच्या जागा. बारामती आणि इंदापूर दोन्हीकडे नगरपरिषदा आहेत. 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' या कायद्यानुसार नगरपरिषदेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना विशेष संरक्षण मिळाले. तुमच्या नकाशात अशा जुन्या झाडांची जागा, जात आणि बुंध्याचा घेर यांची नोंद असेल, तर तो नगरपरिषदेलाही उपयोगी पडेल.

तो विद्यार्थी अजून मला अधूनमधून भेटतो. त्याला मी दिलेले उत्तर थोडक्यात असे होते: "लिंब हवा फारशी गार करत नाही, तो तुझ्या अंगावरचे सूर्याचे आणि रस्त्याचे प्रारण अडवतो, आणि स्वतः तापत नाही." त्यावर त्याने पुढचा प्रश्न विचारला, "मग सर, रात्री लिंबाखाली झोपावे की अंगणात?" याचे उत्तर वरच्या लेखातच आहे. ते शोधा, आणि काळा डबा रात्री दोन्हीकडे टांगून ताडून पाहा.